हमखास हरवणारं मशीन

मी हवाईतल्या हिलोत बत्तीस वर्षं बस चालवली. तिथला पाऊस असा, की एकदा मागच्या दारातून मासे आत चढले. मी तिकिटं मागितली तर दोघांनी काढली आणि बाकीचे पुढच्या थांब्यावर तोंड लपवून उतरले. हे कुणाला खरं वाटत नाही. पण आज जे सांगतोय ते माशांहून अवघड आहे. लास वेगासमध्ये, एका मंगळवारी सकाळी साडेदहाला, एका बाईनं आम्हा तिघांना विचारलं, "असं कुठलं मशीन आहे रे, ज्यावर माणूस हमखास हरतो?"

कामुएलाच्या हातातला कप तिथेच थांबला. एलिसेओनं श्रवणयंत्र काढलं, फुंकर मारली, परत कानात बसवलं.

विचारणारी होती मित्सुए आंटी. वय एकोणऐंशी, उंची माझ्या कोपरापर्यंत. आम्हा हवाईवाल्यांत केस पिकले की माणूस सगळ्या गावाचा अंकल किंवा आंटी होतो, त्यामुळे तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला एलिसेओही तिला आंटीच म्हणतो. तिकडे घरभाडी परवडेनात म्हणून एकेक करून आम्ही सगळे या वाळवंटात आलो आणि रोज सकाळी कॅसिनोच्या कॉफी शॉपमधलं तेच कोपऱ्यातलं टेबल अडवून बसतो. मी, क्लेमेंट पाचेको, पोर्तुगीज रक्ताचा, म्हणून माझं तोंड झोपेतसुद्धा मिटत नाही असं लोक म्हणतात. एलिसेओ फिलिपिनो, जन्मभर उसाच्या मळ्यात राबलेला. आणि कामुएला अस्सल हवाईयन, जो बसला की खुर्ची दिसेनाशी होते.

आम्ही तिथे खेळायला जातो. आंटी जाते साइमिन खायला. साइमिन म्हणजे आमचा शेवयांचा रस्सा. कॅसिनोचं सभासद कार्ड दाखवलं की त्यावर दीड डॉलर सूट मिळते, म्हणून तिनं कार्ड काढलं होतं. ते मशीनमध्ये घालण्यासाठी असतं हे तिला ठाऊक होतं, पण तिच्या लेखी ते रेशन कार्ड.

आणि साइमिन खाता खाता ती आम्हाला झोडपायची. एकोणीस वर्षं. "एलिसेओ, बायकोला चष्मा घ्यायचा होता ना तुला? तो त्या अननसाच्या मशीनमध्ये आहे. जा, काढून आण." "कामुएला, तुझी गाडी सकाळी मला रस्त्यात भेटली. म्हणाली, माझे दोन टायर आतच राहिलेत." मला तर ती नुसतं बघायची, तेवढं पुरायचं. उलट बोलायची सोय नव्हती, कारण तिनं आयुष्यात एक पैसा जुगारात घातला नव्हता.

त्यामागे कारण होतं. तिचा नवरा तोकुइची तरुणपणी कोंबड्यांच्या झुंजीवर पैसे लावायचा. एका रविवारी त्यानं घरचा ट्रक लावला. कोंबडा जिंकला, पण दुसऱ्याचा. तोकुइची अकरा मैल पावसातून चालत घरी आला. आंटीनं भाताचं पातेलं त्याच्यासमोर उपडं ठेवलं. मग दोघांनी घरातल्या बुद्धाच्या देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावून शपथ घेतली: या घराचा पैसा जुगारात जाणार नाही, आणि जुगाराचा पैसा या घरात येणार नाही. पुढे वेगासला आल्यावर तोकुइची सात वर्षं याच टेबलावर आमच्याबरोबर बसला. समोर दोनशे मशीनं चमकायची. हा संत्री सोलायचा, फोडी आम्हाला वाटायचा. जग सोडून जाईपर्यंत त्यानं एका बटणाला बोट लावलं नाही.

आणि त्या मंगळवारी आंटीनं पर्समधून एक पाकीट काढून टेबलावर ठेवलं. कॅसिनोनं तिच्या वाढदिवसाच्या महिन्याची भेट पाठवली होती: साठ डॉलरचा फ्री प्ले. मुदत त्याच दिवशी दुपारी दोनपर्यंत.

"फुकटचे साठ?" कामुएला म्हणाला. "मग रडताय कशाला, आंटी? काउंटरवर जाऊन घेऊन टाका."

"पैसे देत नाहीत मेले. नुसतं खेळू देतात. मी विचारून आले. येताना त्या पोरीला कैरीचं लोणचं पण दिलं, भेट आली म्हणून. घेईना ती. नियम आहे म्हणे. शेवटी बरणी काउंटरवर ठेवली आणि पळाले."

"मग नका खेळू," मी म्हणालो.

"मोत्ताइनाई," आंटी म्हणाली.

हा शब्द आमच्याकडे जपानी आजीपासून पोर्तुगीज ड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना कळतो. ताटात भाताचं एक शीत उरलं, मोत्ताइनाई. भेटीचा कागद फाडून फेकला, मोत्ताइनाई. आंटीकडे जन्मल्यापासूनचे दोरे आहेत, गुंडाळी करून. तिला साठ डॉलर वाया घालव म्हणणं म्हणजे मला गप्प बस म्हणण्यासारखं.

"मी रात्रभर विचार केलाय," ती म्हणाली. "पैसे त्यांचे, माझे नाहीत. म्हणजे ते खेळले तर शपथेचा पहिला भाग मोडत नाही. पण जिंकले तर ते माझे होतात. मग दुसरा भाग मोडला. म्हणून खेळायचं, आणि सगळे हरायचे. तुम्ही तिघं यातले जाणकार. सांगा, कुठे हरू?"

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा आमच्या विद्येला मान मिळत होता. आम्ही खुर्च्या पुढे ओढल्या.

"अननसाचं मशीन," एलिसेओ म्हणाला. "मी त्यात एका घराचं छप्पर घातलंय, आंटी. पत्रे, वासे, सगळं."

"छप्पर म्हणजे काय," कामुएला म्हणाला. "नाचणाऱ्या बाईच्या मशीनपुढे बसा. मी तिला बोट दिलीय. इंजिनासकट."

"तुझ्या बोटीला इंजिन कधी होतं?"

"तेच सांगतोय. इंजिन आधी दिलं."

मी गप्प होतो, म्हणजे कट शिजत होता. स्वच्छतागृहाच्या वाटेवर लाल खेकड्याचं एक मशीन आहे. चार महिने मी त्यावर पाळत ठेवली होती. ते पैसे देण्याच्या बेतात होतं हे मला त्याच्या आवाजावरून कळायचं, जसं बसच्या आवाजावरून गिअर कळतो. मी म्हटलं, ही बाई त्यावर जिंकली तर शपथ मोडेल, शपथ मोडली की तिचा आम्हाला बोलायचा हक्क गेला, आणि एकोणीस वर्षांनी मला शांतपणे कॉफी पिता येईल.

"आंटी," मी अगदी पडेल आवाजात म्हणालो, "हे दोघं हौशी आहेत. खरं कंजूष म्हणजे लाल खेकडा. त्या मशीननं आजवर कुणाला साधी जांभई दिलेली नाही."

आंटीनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुझी खात्री आहे, क्लेमेंट?"

"आईशप्पथ."

"चला मग," ती म्हणाली आणि उठली.

आधी तिनं रुमालानं बटण पुसलं. मग मशीनला हलकेच मान लववून "तसदी देते हं" असं म्हणाली. पर्स मांडीवर घेतली. कामुएलानं कार्ड घालून दिलं. पडद्यावर दोन आकडे आले: वर फुकटचे साठ डॉलर, खाली जिंकलेले शून्य. एका दाबाला साठ सेंट, म्हणजे शंभर वेळा दाबायचं. वरचा आकडा संपला की भेट संपली. खाली जे उरेल ते आंटीचं. खाली काही उरू नये एवढीच तिची इच्छा.

ती एकेक दाब मोजत होती. दर वेळी पडद्यावर खेकडे तिरके पळायचे आणि काही न देता निघून जायचे. पन्नास झाले, खाली शून्य. साठ, सत्तर झाले. आंटीचे गाल लाल झाले होते.

"हरतेय, क्लेमेंट," ती कुजबुजली. "छान हरतेय. तू म्हणालास तसंच."

मी मनातल्या मनात खेकड्याला शिव्या देत होतो. चार महिन्यांची पाळत, आणि हा ऐन वेळी फिरला. ऐंशी. नव्वद. एलिसेओ माझ्या कानाला लागला, "तुझा चेहरा का असा झालाय? तुझे कुठे चाललेत?"

सत्त्याण्णवाव्या दाबाला एक खेकडा मध्येच थांबला. त्यानं नांगी वर केली. मग दुसरा थांबला. मग तिसरा. मशीन असं ओरडलं की स्वच्छतागृहातला माणूस हात न धुता बाहेर आला. खालचा आकडा चढायला लागला, आणि चढतच गेला. आंटीनं घाईघाईनं पडद्यावर रुमाल पसरला, जसं उतू जाणाऱ्या दुधावर काहीतरी ठेवावं.

"क्लेमेंट, हे थांबव."

"थांबत नसतं, आंटी."

रुमाल काढला तेव्हा चारशे बारा डॉलर झाले होते.

"अभिनंदन, आंटी," कामुएला म्हणाला.

"तोंड सांभाळ."

उरलेले तीन दाब तिनं डोळे मिटून संपवले. त्यावर काही आलं नाही, तेवढीच देवाची कृपा.

"त्यात काय एवढं," एलिसेओ म्हणाला. "हेच परत घाला. आम्ही रोज असेच परत करतो."

"आता ते माझे झाले. माझे घातले तर तो जुगार."

"मग घरी न्या."

"घरातच तर आणायचे नाहीत."

"बँकेत टाका."

"आणि पासबुक कुठे ठेवू? घरातच ना?"

मी आतून फुगलो होतो. मला पुढची सगळी वर्षं दिसत होती: मी मशीनवरून परत येतोय, आंटी तोंड उघडतेय, आणि मी नुसतं म्हणतोय, खेकडा. एवढाच शब्द. ती तोंड मिटतेय.

पण आंटीचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. ती लांबून आमच्या टेबलाकडे बघत होती, तोकुइचीच्या खुर्चीकडे. "सात वर्षं बसला तो इथे," ती म्हणाली. "एकदासुद्धा बोट लावलं नाही. आणि मी पहिल्याच दिवशी." तिनं रुमालाची घडी घातली, ती मोडली, परत घातली. फुगलेला मी थोडा बसलो. संत्र्याच्या फोडी मीही खाल्ल्या होत्या.

तेवढ्यात कामुएलाच्या पोटातून आवाज आला. मोठा माणूस, मोठा आवाज.

"माफ करा, आंटी. आज मंगळवार ना. अकराला बैलाच्या शेपटीचं सूप निघतं."

आंटीची घडी थांबली. "शेजारणीचं भांडं घरी आलं तर आपण ते रिकामं परत करतो का रे?"

"कधीच नाही," आम्ही तिघंही म्हणालो. हिलोत तसं केलं तर गाव सोडावं लागतं.

"मग हे या कॅसिनोचं भांडं आहे. भरून परत करायचं." ती उठली. मशीननं छापून दिलेली चिठ्ठी तिनं हातात घेतली नाही. "क्लेमेंट, तू धर. तुझ्या हाताला सवय आहे."

कॉफी शॉपच्या काउंटरवर लॉर्ना असते, आमच्या हवाईतल्याच वाइपाहूची. आंटी तिला म्हणाली, "यात बैलाच्या शेपटीचं सूप जितक्यांना होईल तितक्यांना दे. रांगेत जो असेल त्याला. वर उरतील ते तुझे. दारापर्यंत एक सेंट माझ्याबरोबर येता कामा नये."

त्या दिवशी रांगेत किती माणसं होती म्हणता? रांग ॲरिझोनात गेली होती. बरं, निदान लिफ्टपर्यंत होती. लॉर्ना मोठमोठे वाडगे भरत होती, वर आलं, वर कोथिंबीर, शेजारी दोन मुदी भात. माउई बेटावरचं एक म्हातारं जोडपं आंटीला विचारायला आलं, कुणाचं लग्न आहे. आम्ही तिघांनी दोन-दोन वाडगे घेतले. मी तिसरा मागितला तेव्हा लॉर्नानं पळीनंच मला वाट दाखवली.

आंटीनं साइमिन मागवलं. कार्ड दाखवून दीड डॉलर सूट घेतली आणि स्वतःच्या पर्समधून चिल्लर मोजून दिली.

"सूप घ्या ना, आंटी," मी म्हणालो. "तुमचंच आहे."

"जुगाराचं मी खात नाही." तिनं शेवया उचलल्या. "तुम्ही खा. तुम्हाला सवय आहे."

आणि मग तिनं सुरू केलं. एलिसेओच्या छपरापासून कामुएलाच्या इंजिनापर्यंत. आमच्या तिघांच्या तोंडात शेपटीची हाडं, चोखल्याशिवाय सोडवत नाहीत, त्यामुळे बोलता येईना. आणि तिचंच सूप पिता पिता तिला उलट कसं बोलणार? मी "खेकडा" हा शब्द चार वेळा घशापर्यंत आणला आणि चारही वेळा आल्याबरोबर गिळला.

शेवटी ती माझ्याकडे वळली.

"आणि तू. मला ठाऊक होतं ते मशीन तुझं लाडकं आहे म्हणून. चार महिने त्याच्याभोवती मांजरासारखा फिरतोयस."

हाड माझ्या वाडग्यात पडलं. "मग बसलात कशाला त्यावर?"

"एकोणीस वर्षांत तुझ्या कुठल्याही लाडक्या मशीननं कुणाला एक सेंट दिलाय का? म्हटलं, याहून खात्रीचं हरणं मिळायचं नाही." तिनं वाडगा तोंडाला लावला, तळाचा थेंबही प्यायली, आणि तोंड पुसलं. "त्यातही तू चुकलास."

एलिसेओ इतका हसला की श्रवणयंत्र सुपात पडलं. त्यानंतर आठवडाभर त्याला सगळं आल्याच्या चवीचं ऐकू येत होतं.

पुढच्या महिन्यात आंटीच्या घरी आणखी एक पाकीट आलं. शंभर दाबांमुळे कॅसिनोचा समज झाला होता की बाई आता खेळाडू झाली. या वेळी ऐंशीचा फ्री प्ले, तोही मंगळवारचा. ती बातमी फुटली कशी कुणास ठाऊक, मला विचारू नका, पण त्या दिवशी सकाळी दहापासूनच सुपाच्या काउंटरपुढे पंचवीस माणसं उभी होती आणि माउईचं जोडपं सगळ्यांत पुढे, हातात चमचे घेऊन.

आंटीनं पाकीट टेबलावर ठेवलं, पर्स मांडीवर घेतली आणि रुमाल काढला.

"हं, क्लेमेंट," ती म्हणाली. "सध्या तुझं लाडकं कुठलं?"