आठ नंबरच्या ब्रशची तक्रार

मी ब्रश बोलतोय. आठ नंबरचा, गोल, जलरंगांचा. जे बोलणार आहे ते गोड नाही, आधीच सांगून ठेवतो.

कारखान्यात एका बाईने माझे केस जुळवले, टोक ओलं करून नखावर टेकवून पाहिलं आणि मान डोलावली. आयुष्यात मिळालेली शाबासकी ती एवढीच. मग मी या हौशी चित्रकाराच्या हाती पडलो.

हा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतो. तिथे याचा हात चुकत नाही. घरी मात्र माझ्याशी नुसती झटापट. "रोज सकाळी कामाला जाण्याआधी एक चित्र. वर्षभर!" असं त्याने जाहीर केलं. ऐकायला घरात एकटी थोरली बहीण. शिवणयंत्रावरची मान वर न करता ती म्हणाली, "बघू."

चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी उशीर झाला आणि स्वारी मला पाण्याच्या ग्लासात डोक्यावर उभं करून निघून गेली. तीन दिवस मी तसाच! टोक वाकलं ते वाकलंच. पुढे प्रयोग सुरू झाले. डाव्या हाताने काढ, रंगात मीठ टाक, चहाचं पाणी वापर. एकदा मला चक्क डिंकात बुडवलं. आणि चित्र बिघडलं की म्हणायचा, "ब्रशच भिकार आहे."

एका सकाळी तो आईचा चेहरा काढायला बसला. आई जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो बघायचा नाही, आठवणीतूनच काढायचा, हा हट्ट. सात दिवसांत सात चेहरे झाले, त्यात आई एकही नाही.

"ताई, बघ ना. काय चुकतंय?"

बहिणीने यंत्र थांबवलं. "आई अंथरुणावर होती तेव्हा सकाळची गोळी तेवढी तुझ्याकडे होती. किती दिवस दिलीस? आणि आता चित्रं रोज!"

"विसरायचो गं. मुद्दाम नाही."

"तसाच तिचा चेहराही विसरलास."

त्याने मला भिंतीवर फेकून मारलं. दांडीला चीर गेली. खरं सांगतो, मी बहिणीच्या बाजूने होतो.

वाटलं, सुटलो. पण हा दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. तिसऱ्याही. बोलणं बंद, चित्र चालू. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी बहीण चहाचा कप घेऊन त्याच्या मागे थांबली.

"भुवई अशी सलग नव्हती तिची," ती रागातच म्हणाली. "डाव्या भुवईत व्रण होता. तिथे केस उगवायचे नाहीत. आणि माफ केलं म्हणून सांगत नाहीये. चुकीची आई बघवत नाही, म्हणून."

त्याने तेवढ्या जागेवरचा रंग माझ्या ओल्या टोकाने उचलून घेतला. कागदावरून कुणीतरी ओळखीचं बघू लागलं.

आता त्याने नवा ब्रश आणलाय. मी बहिणीकडे असतो, यंत्रात अडकलेले धागे झाडतो. तुम्ही रोज चित्र काढायचं ठरवलं असेल तर खुशाल काढा, पण ब्रश धुऊन आडवा ठेवा. आमचा जीव केसांत असतो.

त्याला मी माफ केलेलं नाही. बहीणही त्याच्याशी धड बोलत नाही. फक्त रोज सकाळी कामाला बसण्याआधी त्याच्या मागे उभी राहते आणि एक शब्द टाकते.

आज म्हणाली, "हनुवटी."