पाठीवर शिवलेला चेंडू

मित्रांनो, मी एक जुना टेनिसचा चेंडू आहे. रबराच्या दोन वाट्या एकमेकींना चिकटवून, वर पिवळी लव चढवून मला घडवलं. माझ्या पोटात हवा कोंडलेली आहे, त्यामुळे श्वासाची किंमत मला थोडीफार कळते.

माझी मालकीण टिटवी. सारखी बडबडते म्हणून बाबांनीच ठेवलेलं हे नाव. भिंतीवर आपटून मी तिच्या हातात परतायचो आणि ती मला शाबासकी द्यायची. मग एक दिवस आईने बाबांच्या बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि मला त्यात बसवलं. बाबा उताणे झोपले की फार घोरत. मी टोचलो की ते कुशीवर वळतील, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"बाबांचा उंट झाला," टिटवी म्हणाली.

"हाच उंट तुला शाळेत पोचवतो बरं का," बाबा म्हणाले. ते शाळेची व्हॅन चालवत.

दुपारी दोन फेऱ्यांच्या मध्ये ते आडवे होत. पडदा हलायचा, उन्हाची तिरीप भिंतीवर तरंगायची. कुशीवरचे बाबा हळूहळू पुन्हा माझ्यावरच रेलत, आणि त्यांच्या पाठीखाली मी होडीसारखा डुलायचो. मग होडी एकदम थांबायची. लाट नाही, आवाज नाही. मी आतल्या आत घाबरायचो. शेवटी एक मोठा आचका, आणि पुन्हा घोरणं सुरू.

टिटवीने याचा खेळ केला. बाबा गप्प झाले की तीही नाक धरायची. एकदा ती धापा टाकत स्वयंपाकघरात गेली.

"आई, मी रोज हरते. बाबा झोपेतसुद्धा माझ्यापेक्षा जास्त वेळ श्वास रोखतात. आणि काल ना, सिग्नलला त्यांना डुलकी लागली. आम्ही सगळ्यांनी ओरडून उठवलं. मज्जा."

आई हसली नाही. तिने व्हॅनची चावी मुठीत धरली आणि फोन लावला.

"अगं, मुलं खोळंबतील," बाबा उठून म्हणाले.

"तुमच्या मित्राला फोन केलाय, तो आणेल त्यांना. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय चावी मिळायची नाही."

"घोरण्यासाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?"

"घोरण्यासाठी नाही हो. मधेच गप्प होता, त्यासाठी."

डॉक्टरांनी तपासलं. झोपेत श्वास अडतो, झोप पुरी होत नाही, म्हणून दिवसा डोळे मिटतात, असं निघालं. आता बाबा झोपताना नाकावर मुखवटा लावतात. उशाशी छोटं यंत्र मंद घुमतं. ते ताजेतवाने उठू लागले, डॉक्टर 'हो' म्हणाले, तेव्हा कुठे आईने चावी दिली.

माझ्या खिशाची शिवण उसवली गेली. चेपून चेपून माझी उसळी गेली आहे, लव झडली आहे. खाटेखाली धुळीत पडून असतो. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी घोरता घोरता गप्प होत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका, मोठ्यांना सांगा. आणि पेंगणाऱ्या माणसाला गाडी बाजूला घ्यायला लावा.

टिटवी अजून कधीतरी दुपारी नाक धरून बाबांजवळ बसते. आता दर वेळी तीच जिंकते.