वेगळी चूल

सारजाबाईनं फडक्याची चारी टोकं एकत्र धरली आणि पीळ घातला. भिजवून वाटलेल्या शेंगदाण्यांचं पांढरं पाणी पातेल्यात पडू लागलं. वीज पहाटेच गेली होती. मिक्सर ओट्यावर नुसता शोभेला उभा होता, त्यामुळे सगळं वाटण पाट्यावर झालं होतं आणि उजवा खांदा भरून आला होता. तिनं फडकं झटकलं, चोथा थालीपिठासाठी बाजूला काढला आणि क्षणभर भिंतीला टेकली.

मागं गोठ्यात तिचा मुलगा गोरख धारा काढत होता. थोड्या वेळानं किटल्या मोटरसायकलला अडकवून तो डेअरीवर जाणार होता. घरात दुधाला तोटा नव्हता, आणि घरधनी मात्र शेंगदाण्याच्या दुधाचा चहा पीत होता. हे दूध चहात घालून उकळलं की फाटायचं, म्हणून आधी कोरा चहा उकळून, उतरवून, मग वरून ते घालायचं. एवढं कळायलाही तिला बरेच दिवस लागले होते.

तिच्या नवऱ्याच्या, सावळारामच्या हृदयाचं ऑपरेशन झालं त्याला आता दोन वर्षं होत आली होती. पुण्याच्या डॉक्टरांनी घरी सोडताना सांगितलं होतं, की जनावरापासून येतं ते सगळं बंद. मटण, अंडी, दूध, तूप, ताकसुद्धा. पिंपळवंडीतल्या माणसाला ताक बंद, हे ऐकून गावातले लोक आधी हसले आणि मग हळहळले. सारजाबाई हसली नाही की हळहळली नाही. तिनं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वेगळी शेगडी मांडली.

तेव्हापासून घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. सून वृषाली म्हणायची, "आत्या, आपण सगळीच मामांचं खाऊ की." पण तिची पोरं लहान होती, त्यांना दूध हवं होतं, गोरखला रविवारी कोंबडी लागायची. मग सारजाबाईच दोन्हीकडे पुरी पडायची. नारायणगावच्या दुकानातून आणलेल्या सोयाबीनच्या वड्या ती उकळायची, दोनदा पिळायची, उग्रपणा जावा म्हणून आल्या-लसणात मुरवायची, मग कांदा-खोबरं भाजून मटणासारखा काळा रस्सा करायची. शेंगदाण्याच्या दुधात हिरव्या मिरचीची देठं टाकून दही लागतं, हे तिला ओझरच्या देवळात भेटलेल्या एका बाईनं सांगितलं होतं. फणसाच्या दिवसांत ती आंबेगावच्या डोंगराकडून येणाऱ्या बायडाबाईकडून कोवळा फणस घ्यायची, कारण त्याची भाजी चावायला थेट मटणासारखी लागते.

आणि एवढं करून सावळाराम पहिल्या घासाला म्हणायचा, "मीठ कमी पडलं."

नाहीतर, "खोबरं जास्त भाजलंस." नाहीतर, "दही आंबलं गं."

तो पहिल्यापासून तसाच होता. जिभेचा पक्का. भावकीत कुठंही मटण शिजायचं असलं की रस्सा सावळारामनंच करायचा, असा रिवाज पडला होता. पळीभर रस्सा तळहातावर घेऊन तो नुसता जिभेला लावायचा आणि काय कमी आहे ते सांगायचा. म्हणून त्याचं बोलणं ती मनावर घ्यायची. उद्या मीठ वाढवायची, परवा खोबरं कमी करायची. तो उठल्यावर ताटात काही उरलंय का, हे मात्र ती चोरून बघायची. काही उरलेलं नसायचं, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा.

त्या वर्षीच्या जत्रेला घर पाहुण्यांनी भरलं. दुसऱ्या दिवशी दारापुढं तीन दगडांच्या चुलीवर मोठं पातेलं चढलं. सावळारामचा चुलतभाऊ भिमाजी मोठी पळी घेऊन उभा होता, घामानं डबडबलेला.

"दादा," त्यानं हाक मारली, "या जरा इकडं. नुस्तं चाखून सांगा."

सावळाराम ओट्यावरून उठला नाही.

"नको रं."

"गिळू नका. थुकून टाका. पर तुमी सांगितल्याबिगर मला उमगायचं न्हाई."

भिमाजी पळी घेऊन पुढं आला. रश्श्यावरचा तांबडा तवंग पळीत हलत होता. सावळारामनं त्या पळीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"एकदा सोडलं ते सोडलं," तो म्हणाला.

पाहुण्यांत कुणीतरी म्हणालं, "याला म्हणत्यात निश्चय, राव!" दारात उभ्या सारजाबाईच्या काळजाला बरं वाटलं. आपल्या कष्टाला हा माणूस जागला, असं तिच्या मनात आलं. मग ती आत जाऊन त्याचा वेगळा रस्सा करायला बसली.

दिवसभर उभी होती ती. पाहुण्यांच्या भाकऱ्या थापून हात तापले होते. वीज पुन्हा गेली, पुन्हा पाटा. मध्येच पोरं रडत आली, मध्येच कुणी पाणी मागितलं. रस्सा उकळला तसा तिनं तो उतरवला आणि मागच्या पडवीत सावळारामला ताट नेऊन दिलं.

त्यानं भाकरी कुस्करली, घास घेतला, सावकाश चावला.

"आज मीठ जरा पुढं झालं," तो म्हणाला. "हात आखडता घेत जा."

"बरं," ती म्हणाली.

पंगती उठल्या. वृषालीनं तिच्यापुढं मटणाची वाटी ठेवली, पण तिला त्याची वासना उरली नव्हती. सावळारामच्या पातेल्यात थोडा रस्सा होता, तोच तिनं ओतून घेतला. पहिला घास तोंडात घातला आणि ती थांबली. दुसरा घास घेतला. मग पातेलं वृषालीपुढं सरकवलं.

"चाखून बघ गं."

वृषालीनं बोट बुडवून जिभेला लावलं. "आत्या, मीठच न्हाई की ह्यात. विसरलात जणू."

"विसरले," सारजाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं त्याच्या चहात गूळ घातलाच नाही. कप हातात दिला आणि खांबापाशी उभी राहिली. सावळारामनं फुंकर मारून घोट घेतला.

"गूळ लई झाला," तो म्हणाला.

पाहुणे वाटेला लागेपर्यंत तिनं भांडी घासली, अंगण झाडलं. गोरख डेअरीवर गेला. वृषाली पोरांना घेऊन कांद्याच्या वावरात गेली. घर रिकामं झालं तेव्हा ती पडवीत आली आणि त्याच्यासमोर बसली.

"चहात गूळ नव्हता," ती म्हणाली. "आन् काल रश्श्यात मीठ नव्हतं."

सावळाराम गोधडीचा निघालेला दोरा बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"कवापास्नं?" तिनं विचारलं.

"दवाखान्यातनं आल्यापास्नं."

"कायच लागत न्हाई?"

"काय न्हाई. वासबी न्हाई. डॉक्टरला सांगितलं व्हतं. म्हणले, चव येईल हळूहळू. न्हाई आली."

"आन् मला सांगितलं न्हाई."

"कसं सांगू?" त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. "तू पहाटं उठून वाटतीस, पिळतीस, जिवाचं रान करतीस. तुला काय सांगू, की मला भुसा घातला तरी तेच?"

"मग रोजची खोड कशापायी काढत व्हता? हे कमी, ते जास्त?"

"जन्मभर काढली. एकाएकी गप बसलो असतो, तर तुला कळलं नसतं व्हय?"

अंगणात कोंबड्या सांडलेले दाणे टिपत होत्या. सारजाबाईनं आपले हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. राग येईल असं तिला वाटलं होतं. आलाही होता, रात्रभर. आता तो उचलून धरायची ताकद तिच्यात नव्हती.

"मग दोन वर्षं मी कुणासाठी वाटत व्हते?" ती म्हणाली.

सावळाराम म्हणाला, "फोडणी टाकतीस त्याचा आवाज येतो. पाट्याचा येतो. मी हितं बसून ऐकतो. मग म्हणतो, आज वड्या हायेत. आज फणस हाय. तेवढ्यावर जेवण उरकतं."

ती उठली. चुलीकडं जाईल असं त्याला वाटलं असेल. पण ती माजघरात गेली, कोपऱ्यातली चटई ओढून घेतली आणि भरदिवसा आडवी झाली. लग्न होऊन आल्यापासून तापाचे आणि बाळंतपणाचे दिवस सोडले तर ती अशी कधी पडली नव्हती. तिनं डोळे मिटले. पाठ जमिनीला लागली तेव्हा ती किती दुखत होती ते तिला कळलं.

पडवीत खाट करकरली. मग सावळारामची पावलं आत आली, तिच्या उशापाशी थांबली आणि स्वयंपाकघरात गेली. डबे वाजले. काहीतरी खाली पडलं, घरंगळत भिंतीपर्यंत गेलं. विळीवर कांदा चिरल्याचा आवाज आला. हात जुना होता, चिरणं सारखं होतं. शेगडी पेटली. तेलात मोहरी तडतडली, मग कांदा पडला.

ती हलली नाही. गरम तेलाचा वास येत राहिला, मग कांद्याचा गोड वास, आणि मग तो वास बदलला. उठावं असं तिच्या पायांना वाटलं. तिनं पाय तसेच राहू दिले.

"कांदा करपतोय," ती डोळे न उघडता म्हणाली.

आतलं ढवळणं थांबलं.

"व्हय?"

"जाळ कमी करा. वाईच पाणी शिंपडा."

चर्र झालं. मग पुन्हा उलथनं कढईला लागू लागलं, सावकाश. वासरू एकदा हंबरलं. झोप तिच्या डोळ्यांवर उतरत होती.

"आता?" आतून त्यानं विचारलं.

तिनं श्वास घेतला.

"अजून थोडं," ती म्हणाली. "सांगते मी."