काळ्या वायरला गाठ

आमच्या ह्यांना लाल आणि काळा यातला फरक दिसत नाही. वायरमन माणसाला! हे आज मी चारचौघांत सांगते आहे, पण बावीस वर्षं तोंडाला कुलूप लावून होते.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी नवाकोरा लाल स्वेटर घातला, तर हे म्हणाले, "काळा रंग तुला खुलून दिसतो." मला वाटलं थट्टा करतायत. दुसऱ्यांदा तेच म्हणाले, तेव्हा मी दोन वायरी समोर धरल्या आणि यातली लाल कुठली ते विचारलं. हे वायरींकडे न बघता माझ्याकडेच बघत बसले. तेव्हापासून मी हत्यारांची पिशवी उचलून ह्यांच्याबरोबर कामावर जाते. पाइपातून वायरी ओढून झाल्या की प्रत्येक काळ्या वायरच्या टोकाला मी गाठ मारायची आणि ह्यांनी ती बोटांनी चाचपून जोडायची. चालू वीज असली तर टेस्टर सांगतो कुठली कुठली, पण नव्या घरात वीज सगळ्यांत शेवटी येते. तोवर टेस्टर नुसता स्क्रू पिळायच्या कामाचा. लोक म्हणायचे, बायकोशिवाय ह्याचं पान हलत नाही. म्हणू दे म्हटलं.

परवा ठेकेदाराने मोठं काम देऊ केलं. चार मजली वसतिगृह, वर्षभर बघायला नको. पण तिथे फाटकावर पास दाखवल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत आणि पास फक्त कामगाराला मिळतो. "वहिनींना आता जरा आराम द्या," ठेकेदार वर हसून म्हणाला. मी फाटकाबाहेर राहिले तर आत गाठी कोण मारणार? म्हणजे काम हातचं गेलंच.

"खरं काय ते सांगून टाकू," हे म्हणाले.

"सांगा, आणि बसा घरी माश्या मारत," मी म्हटलं. माझं हे असं आहे. आधी तोंड चालतं, डोकं मागून येतं.

त्यात शनिवारी सकाळी ठेकेदाराच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. ती शिवणकाम करते. तिच्या नव्या घराचं वायरिंग गेल्या वर्षी ह्यांनीच केलं होतं. म्हणाली, "मशीनच्या खोलीतला दिवा बटण बंद केलं तरी मिणमिणतोय. काल बंद करून बल्ब काढायला गेले तर असा झटका बसला, स्टुलावरून पडता पडता वाचले."

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. गेल्या वर्षी मी वीस दिवस लेकीच्या बाळंतपणाला गेले होते आणि त्या दिवसांत एवढं एकच घर झालं होतं.

आम्ही धावत गेलो. बटण बंद ठेवून मी होल्डरला टेस्टर लावला, तो झक्क पेटला. मग मेन स्विच पाडून बोर्ड उघडला. लाल वायर सरळ वर दिव्याकडे गेलेली आणि बटणावर आणून जोडलेली काळी. शेजारच्या दोन खोल्यांत तीच तऱ्हा.

बाई पाणी आणायला आत गेल्या तेवढ्यात मी ह्यांच्या कानाशी लागले. "मी बदलते गुपचूप. स्क्रू ढिला होता म्हणून सांगा."

"ती पडली असती," हे म्हणाले. आणि बाई पाणी घेऊन आल्या तेव्हा ह्या माणसाने सगळं सांगून टाकलं. डोळ्यांचं, गाठींचं, माझ्या वीस दिवसांचं, सगळं. राग तर असा आला की हातातली पक्कड फेकावी.

"पण दिवा तर रोज लागतो की," बाई गोंधळून म्हणाल्या. "मग चुकलं काय?"

मग मीच फणकाऱ्याने सांगितलं, "लाल वायरीतून वीज येते, ती फेज. काळीतून परत जाते, तो न्यूट्रल. बटणाने अडवायची ती येणारी. तुमच्या घरात मात्र परत जाणारी अडवली आहे. नळ बंद करायचा सोडून मोरीला बोळा घातल्यासारखं झालं. दिवा विझतो, पण होल्डरपर्यंत वीज येऊन उभीच असते."

"लेकीकडे जाताना हिने काळ्या वायरच्या बंडलाला पांढरी चिंधी बांधून दिली होती," हे म्हणाले. "शेवटच्या तीन खोल्यांच्या वेळी ती दुसऱ्याच बंडलावर गेली असणार. मेन बोर्डाकडची टोकं वीज जोडणाऱ्याने रंग बघून जोडली. त्याचं बरोबर होतं. दिवे लागले, म्हणून मीही परत बघितलं नाही. चूक माझी आहे."

बाई खाली बसल्या. "चिंधी सुटून पडली होती," त्या म्हणाल्या. "मीच उचलून बंडलावर ठेवली. शिवणारीला जमिनीवर चिंधी बघवत नाही हो."

मग त्यांनी भावाला फोन लावला, आमच्या देखत, स्पीकरवर. बाईंनी काही झाकलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही.

"माझ्या अजून किती घरांत हे असं आहे?" ठेकेदाराने विचारलं.

"एवढंच," हे म्हणाले. "बाकी सगळीकडे ही होती."

"म्हणजे इतकी वर्षं वायरी वहिनी ओळखत होत्या?"

"प्रत्येक."

"आणि मी त्यांना आराम द्यायला निघालो होतो." मग तो म्हणाला, "आजच्या आज ताईचं घर नीट करा. संध्याकाळी मी स्वतः टेस्टर घेऊन येतो, एकेक होल्डर बघणार. सगळं बरोबर निघालं तर सोमवारी वहिनींचाही फोटो आणा. दोन पास काढू. एक वायरमनचा, एक मदतनिसाचा."

मला तेवढं पुष्कळ होतं.

"तसंच काढा," हे म्हणाले, "फक्त वायरमनच्या पासवर हिचा फोटो लावा. मदतनीस मी आहे."

ठेकेदार म्हणाला, बरं, तसं लिहितो. मला तिथेच, बाईंच्या मशीनला टेकून, रडू फुटलं. हे घाबरून पुढे आले आणि मी त्यांना म्हटलं, बघत काय बसलात, पक्कड द्या.