कुरडयांची राखण

सुट्टीला धाराशिवहून आत्याकडं आलेल्या हर्षालीला एकच काम होतं, गच्चीवर साडीवर वाळत घातलेल्या कुरडया राखायच्या. आत्याच्या लेकीच्या रुखवतातल्या कुरडया त्या! पण शेजारची निकिता घुबडाची पिल्लं दाखवते म्हणाल्यावर राखणदारीण थांबते व्हय? निकिताची काळी शेळी, काजळी, सोबत होतीच. ती कुणाच्या रानात घुसायला नको म्हणून शहाण्यांनी तिला गच्चीवरच टाकीच्या नळाला बांधलं आणि पसार झाल्या.

परत येऊन बघतात तर काय, दावं सुटलेलं आणि काजळी साडीवर उभी राहून निवांत चरतेय. अर्धी साडी रिकामी!

निकिताच्या तोंडचं पाणी पळालं. मागं काजळीनं कुणाची तरी मेथी फस्त केली, तेव्हाच तिच्या वडिलांनी, गोरोबाकाकांनी, बजावलं होतं की आता एक तक्रार आली की शेळी बाजारात. आणि काजळी तर निकितानं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली.

जिन्यात आत्याच्या बांगड्या वाजल्या. दोघींनी काजळीला ओढत टाकीमागं नेलं. निकितानं तिच्या गळ्यातली घंटी मुठीत दाबली. ती ओरडू नये म्हणून तोंडात काय द्यायचं? हाताशी होत्या त्या कुरडयाच! हर्षाली पुढं झाली.

"आत्या, कुरडया आम्ही खाल्ल्या."

अर्धवट वाळलेल्या कुरडया पोरं पळवतातच, पण अर्धी साडी? धुरपताबाई आत्यानं वाकून साडीवरनं काहीतरी वेचलं आणि हर्षालीपुढं तळहात धरला. लेंड्या होत्या.

"आन् ह्या? ह्या बी तुमच्याच का?"

हर्षालीला रडूच फुटलं. काजळीला विकतील, एवढंच ती कशीबशी म्हणाली.

तेवढ्यात शेळीला शोधत गोरोबाकाकाच जिना चढून आले. साडी बघून त्यांचा चेहरा पडला. आमची शेळी आली होती का, त्यांनी विचारलं.

आत्यानं मूठ मिटली. "न्हाय भावजी. माझी भाची आन् तुमची लेक चरल्यात हितं. आता परत गहू भिजवते, चीक काढायला लेकीला धाडा."

टाकीमागून कुरुमकुरुम ऐकू आलं. आत्या मोठ्यानं खोकली. काका जिना उतरून गेले, तरी तिची मूठ मिटलेलीच होती.