मैदान खाली बसलं

दोन्ही हातांत चहाचे कागदी पेले सांभाळत ती पायऱ्या उतरून आपल्या रांगेपाशी आली आणि तिथेच थबकली. बाबांची खुर्ची रिकामी होती. त्यांचा मफलर तेवढा खुर्चीच्या पाठीवर लोंबत होता.

मध्यंतराच्या गर्दीआधी चहा आणावा म्हणून ती उठली होती. जाताना शेजारच्या लठ्ठ गृहस्थाला ‘जरा लक्ष ठेवाल का’ असं दोनदा बजावलं होतं. तो आता मागच्या मित्राकडे वळून पंचाच्या नावानं खडे फोडत होता.

“इथले आजोबा कुठे गेले?”

त्यानं रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

“अहो, आत्ता इथे होते! तो गोल हुकला ना, तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. खाली बसलो तर... मला वाटलं, तुमच्याकडेच आले.”

तिनं पेले पायरीवर ठेवले. एक कलंडला, तरी तिचं तिकडे लक्ष नव्हतं. रांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं डोळे फिरवले. मध्यंतर झालं होतं. चाळीस हजार माणसं एकाच वेळी उठून कुठे ना कुठे निघाली होती.

बाबा बस चालवायचे. आख्खी नोकरी एकाच मार्गावर झाली आणि त्या मार्गाचा शेवटचा थांबा म्हणजे हे स्टेडियम. सामन्याच्या दिवशी माणसांनी ठासून भरलेली गाडी ते दरवाज्यापाशी आणून सोडत. खेळ संपेपर्यंत बाहेरच थांबत आणि त्याच माणसांना, जिंकलेल्या किंवा हरलेल्या, घरी पोचवत. आत मात्र ते कधी गेले नाहीत. आरोळी ऐकूनच गोल आपला की पाहुण्यांचा ते ओळखत आणि त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. आता त्यांना मुलीचं नाव आठवत नव्हतं. ते तिला ‘ताई’ म्हणत, दवाखान्यातल्या नर्सला म्हणावं तसं, अदबीनं. ‘ताई, जरा पाणी मिळेल का?’ पहिल्यांदा तिनं न्हाणीघरात जाऊन नळ सोडला होता, रडणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. पण वारा इकडचा असला, की स्टेडियमची आरोळी त्यांच्या खिडकीपर्यंत यायची. त्यासरशी बाबा मान वर करायचे. डोळ्यांत ओळखीचं काहीतरी चमकून जायचं. ‘खेळ सुटायला आला. गाडी लावायला हवी,’ असं पुटपुटायचे. त्या एका चमकेसाठी ती त्यांना इथे घेऊन आली होती.

तिला स्वतःला या जागेचं प्रेम असण्याचं कारण नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या तक्रारींचे फोन घेणं हे तिचं काम. मोठा सामना असला, की मध्यंतराला घराघरांत माणसं टीव्हीसमोरून उठत, सगळ्या शहराचे नळ एकदम सुटत आणि वरच्या मजल्यांचं पाणी जाई. मग फोन सुरू. ‘तुम्ही झोपा काढता का?’ हे तिनं इतक्या आवाजांत ऐकलं होतं, की या शहरातल्या माणसांना ओरडण्याखेरीज दुसरं काही येत नसावं, असं तिचं पक्कं मत झालं होतं.

स्टँडच्या मागच्या बोळात ती गर्दीच्या उलट दिशेनं धावत सुटली. भल्यामोठ्या काँक्रिटच्या खांबांमधून माणसांचे लोंढे वाहत होते. स्वच्छतागृहं, खाण्याचे ठेले, जिने. प्रत्येक ठिकाणी करडा स्वेटर घातलेला कुणी म्हातारा दिसायचा आणि वळला की दुसराच निघायचा. एका जिन्यापाशी वॉकीटॉकी घेतलेली सुरक्षारक्षक बाई उभी होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी एकच विचारलं.

“बाहेर पडायची सवय आहे का त्यांना?”

“बस स्टॉपवर जातील. तो रस्त्यापलीकडे आहे.”

बाहेरचा रस्ता कसा आहे ते दोघींनाही ठाऊक होतं. तिथे गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. रक्षक बाईनं सगळ्या दरवाज्यांना निरोप दिला आणि तिचा दंड धरून म्हणाली, “चला माझ्याबरोबर. वर.”

निवेदकाची खोली स्टँडच्या अगदी माथ्यावर होती. समोर सगळी काच, एक टेबल, एक माइक आणि घसा शेकायला गरम पाण्याचा थर्मास. सगळ्या शहराला ज्याचा आवाज पाठ होता तो माणूस प्रत्यक्षात चांगलाच बुटका निघाला. काचेपलीकडे खाली हिरवं मैदान होतं आणि त्याच्याभोवती माणसंच माणसं. ती इतकी होती, की चेहरे दिसतच नव्हते, नुसता रंग हलत होता.

“नाव पुकारू?” निवेदकानं विचारलं.

“नावाला ओ देत नाहीत हो.”

“अंगात काय आहे?”

“करडा स्वेटर. काळी पँट.”

त्यानं काचेतून खाली पाहिलं. थंडीचे दिवस होते. निम्मं मैदान करड्या स्वेटरात होतं.

“सांगितलेलं ऐकतात का? म्हणजे, बसा म्हटलं तर बसतात?”

“उलट आहे.” तिला अशा वेळीही किंचित हसू आलं आणि त्याबरोबर डोळे भरले. “आयुष्यभर बस चालवली. ‘बस’ ऐकलं की त्यांना वाटतं, गाडीची वेळ झाली. उठूनच उभे राहतात. घरी आम्ही ‘जरा टेका’ म्हणतो.”

निवेदक हसला. मग हसायचा थांबला. त्यानं खालच्या गर्दीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

“मग सगळ्यांनाच बसवू.”

“म्हणजे?”

“सगळे बसले, की उभा राहील तो तुमचा.”

टेबलावरचा फोन खणखणला. खेळाडू मैदानात आले होते, खेळ सुरू करायचा होता. निवेदक फोनवर एवढंच म्हणाला, “साहेब, दोन मिनिटं द्या. नंतर हवं तर मला काढून टाका.” आणि त्यानं माइक पुढे ओढला.

“मंडळी,” तो म्हणाला, आणि तो आवाज चारी बाजूंच्या भोंग्यांतून पसरला. “रोज मी सांगतो आणि तुम्ही ओरडता. आज माझं एक काम करा. आपल्यात एक वडीलधारे आहेत, त्यांची वाट चुकलीय. आपण कोण, हेही त्यांना सांगता येत नाही. बस ड्रायव्हर होते. तुमच्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच कधी ना कधी या दारात आणून सोडलंय. त्यांची मुलगी इथे माझ्या शेजारी उभी आहे. तर तुम्ही सगळे, अगदी सगळे, खाली बसा. खुर्ची नसेल तर पायरीवर बसा, पायरी नसेल तर जमिनीवर. बसा, गप्प राहा आणि आपल्या शेजारी कोण उभं आहे ते पाहा.”

आधी हशा पिकला. कुठून तरी शिट्टी आली, पिपाण्या वाजल्या. तिनं मान खाली घातली. हे असंच होणार, हे तिला ठाऊक होतं.

मग समोरच्या स्टँडमध्ये एक पट्टा खाली गेला. त्याच्या शेजारचा गेला. वारा शिरल्यावर पीक जसं एका अंगाला झुकत जातं, तशा रांगांमागून रांगा खाली बसत गेल्या. गोलाच्या मागचा ढोलवाल्यांचा गट सामनाभर कधी बसत नसे. तो त्यांच्या मानाचा प्रश्न होता. त्यांचा म्होरक्या कठड्यावर उभा होता. त्यानं दोन्ही हात वर करून खाली दाबले आणि ढोल थांबले. जिन्यांवरची माणसं होती तिथेच टेकली. हातात खाण्याच्या थाळ्या घेतलेली माणसं थाळ्या मांडीवर घेऊन बसली. पाहुण्यांच्या कोपऱ्यात अजून गाणं चालू होतं. मग तिथलंही एकेक तोंड मिटत गेलं.

“ते पाहा,” रक्षक बाई हलकेच म्हणाली.

मैदानाच्या मधोमध दोन्ही संघांचे खेळाडू गवतावर बसत होते. पंचही बसला, मांडी घालून, शिट्टी मुठीत धरून.

आणि मग आवाज संपला. ती इतकी वर, काचेआड होती, तरी छपरावरच्या झेंड्यांच्या दोऱ्या खांबांवर आपटताना तिला ऐकू येत होत्या. बाहेरच्या रस्त्यावरची एखादी गाडी ऐकू येत होती. एवढ्या माणसांची शांतता तिनं कधी ऐकली नव्हती. ती रिकाम्या जागेची शांतता नव्हती. चाळीस हजार छात्या श्वास घेत होत्या आणि तो श्वास जिवंत, प्रचंड असा तिच्या अंगावर येत होता. रोज फोनवर आपल्या नावानं शंख करणारी माणसं इथेच कुठेतरी बसली असतील, असं तिच्या मनात आलं. तिनं काचेला हात टेकवला.

“तिकडे!” निवेदकानं बोट दाखवलं.

मैदानाच्या थेट पलीकडे, पाहुण्यांच्या कोपऱ्यात, सगळा रंग खाली बसलेला आणि त्यातून एकच बारीक करडी रेघ वर आलेली. एक माणूस उभा होता. कपाळाशी हात धरून, मान लांब करून तो इकडून तिकडे पाहत होता.

तिनं नुसती मान हलवली.

“सापडले,” निवेदक माइकमध्ये म्हणाला. “पाहुणे मंडळी, ते तुमच्यापाशी आहेत. जपा त्यांना. बसायला मात्र सांगू नका.”

त्यावर जी आरोळी उठली, तिनं काच थरथरली. तशी आरोळी त्या दिवशी कुठल्याच गोलाला मिळाली नाही.

रक्षक बाईनं तिला मैदानाच्या कडेकडेनं नेलं. खेळ सुरू झाला होता, पण ती जिथून जाई तिथले लोक खेळ सोडून तिच्याकडे पाहत. कुणी हात उंचावला, कुणी नुसतीच मान लववली. पहिल्या रांगेतल्या एका म्हातारीनं कठड्यावरून वाकून तिच्या खांद्याला हात लावला आणि मागे घेतला. खालून पाहताना ते स्टँड डोंगरासारखे दिसत होते, आणि प्रत्येक डोंगरावर शेवटच्या टोकापर्यंत माणसं.

बाबा कठड्यापाशी उभेच होते. त्यांच्याभोवती चार-पाच दांडगे तरुण, तोंडं निळ्या-पांढऱ्या रंगानं माखलेली, गळ्यात पाहुण्या संघाचे रुमाल. मैदानात त्यांचाच खेळाडू चेंडू घेऊन धावत होता, पण त्यांच्यातल्या एकाचंही तिकडे लक्ष नव्हतं. ते समोरच्या स्टँडमध्ये डोळ्यांत प्राण आणून काहीतरी शोधत होते.

तिचा जीव भांड्यात पडला. ती बाबांना हाक मारणार, एवढ्यात त्यांच्यातला एक आडवा आला.

“काकू, जरा थांबा. आजोबांची मुलगी हरवलीय. एवढीशी आहे म्हणे.” त्यानं कमरेशी हात धरून उंची दाखवली. “लाल फ्रॉक. तुम्हाला येताना दिसली का?”

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर ओळख नव्हती. काळजी होती, आणि काळजीच्याही वर एक वेगळंच तेज होतं, जे तिनं कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

“ताई, तुम्ही पाहिलंत का आत्ता?” ते म्हणाले. “मी या पोरांना म्हटलं, माझी भिंगरी या गर्दीत दिसेनाशी झाली. एका जागी ठरत नाही हो ती. म्हणून तर भिंगरी म्हणतो. तर सगळे खाली बसले. सगळे! त्या टोकापर्यंत. मला नीट दिसावं म्हणून.” त्यांनी मैदानाकडे बोट केलं. “खेळणारेसुद्धा बसले, ताई. माझ्या एका मुलीसाठी.”

भिंगरी. त्या नावानं तिला हाक मारणारं जगात एकच माणूस होतं. ती हाक घरातून कधी गेली, हेही तिला आठवत नव्हतं.

‘अहो बाबा, ती मीच,’ असं ती म्हणू शकली असती. मागे एकदा म्हणून पाहिलंही होतं. तेव्हा ते घाबरून भिंतीला टेकले होते.

“सापडली का मग?” तिनं विचारलं.

“अजून नाही. पण सापडेल.” त्यांना त्यात तिळमात्र शंका नव्हती. “एवढी माणसं शोधतायत. न सापडायला काय झालं?”

निळ्या-पांढऱ्या तोंडाचा पोरगा तिच्याकडे निरखून पाहत होता. आता कुठे त्याच्या डोक्यात काहीतरी येऊ लागलं असावं.

“काकू,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही आजोबांच्या कोण?”

“मी पण शोधायलाच आलेय,” ती म्हणाली.

बाबा लगबगीनं एक पाऊल बाजूला सरकले. कठड्यावरची आपली जागा त्यांनी तिला मोकळी करून दिली.

“या, इथून चांगलं दिसतं,” ते म्हणाले. “तुम्ही ती बाजू पाहा. मी ही पाहतो.”

ती त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि कपाळाशी हात धरून पलीकडची माणसं एकेक करून पाहू लागली.