चिनी फुलांचा ठराव

पंधरा ऑगस्टला सकाळी खैरवाडीच्या ग्रामपंचायतीसमोर सरपंच कस्तुराबाईंनी दोरी ओढली, झेंड्याची घडी सुटली आणि खाली उभ्या माणसांवर फुलं पडली. पडली कसली, आदळली. फुलानं कसं, तरंगत यावं आणि खांद्यावर अलगद बसावं. ही टपाटप आली. एक कस्तुराबाईंच्या कपाळाला लागलं, एक हेडमास्तरांच्या चष्म्यावरून उडालं आणि बाकीची फरशीवर उड्या मारत गटारीपर्यंत गेली.

राष्ट्रगीत चालू होतं म्हणून कुणी हललं नाही. पण 'जय हे' संपायचा अवकाश, रतनबाईनं वाकून एक फूल उचललं. पिवळीधमक शेवंती, प्लास्टिकची.

"ह्ये कुणी भरलं झेंड्यात?"

"मी, काकी," रविराज पुढं आला. कस्तुराबाईंचा थोरला. वरवंडपासून पाटसपर्यंतच्या मंगल कार्यालयांचं डेकोरेशन तोच करायचा. "गेल्या साली पावसानं तुमच्या पाकळ्या भिजल्या आन् झेंड्याला चिकटल्या. शिपायानं काठीनं झटकल्या. ही भिजत न्हाईत."

हे खरं होतं, म्हणून रतनबाईला जास्तच लागलं.

"आन् ही पिकत्यात कुठं?"

"चीनमधनं येत्यात. सगळ्या गावाला म्हाईत हाय."

"मंग आज सोतंत्र कोण झालं, आपण का त्यो?"

बायका फिसकन हसल्या. सर्जेराव आबांनी, म्हणजे कस्तुराबाईंच्या मालकांनी, हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. सरपंचपद बाईला राखीव झाल्यापासून खुर्चीच्या पाटीवर नाव कस्तुराबाईंचं होतं. खुर्चीत बसायचे मात्र आबा. बाई शेजारच्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायच्या आणि आबा बोट ठेवतील तिथं सही करायच्या. गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

रतनबाईचं भांडण फुलापुरतं नव्हतं. नवरा तात्याबा आणि ती, दोघांनी मिळून वीस वर्षं पंधरा गुंठ्यांत शेवंती लावली होती. पूर्वी दिवाळीत व्यापारी बांधावर येऊन उभे राहायचे. आता कार्यालयं बारा महिने प्लास्टिकच्या माळा धुऊन धुऊन वापरतात. गेल्या दिवाळीला निम्मी शेवंती तिनं रडत जनावरांपुढं टाकली होती. मुलगा दत्ता रांजणगावला कंपनीत होता. त्यानं सरळ सांगितलं होतं, "आई, ही दिवाळी शेवटची. फुलं न्हाई खपली तर रोटाव्हेटर घालतो आन् ऊस लावतो." रतनबाईला उसाचा राग नव्हता. पण शेवंती मोडायचा विषय निघाला की ती उठून रानात जायची.

झेंडा झाल्यावर ग्रामसभा बसली. पाणी, गटार, शाळेचं पत्र्याचं छप्पर उरकलं. ग्रामसेवकानं "आणखी कुणाला काही?" असं विचारलं, तशी रतनबाई उठली आणि ते फूल तिनं त्याच्या रजिस्टरावर ठेवलं.

"ठराव लिवा भाऊसाहेब. चीनच्या फुलांवर सरकारनं जबर कर लावावा."

"मावशी, आयात शुल्क दिल्लीच्या हातात असतं. ग्रामपंचायतीचा विषय नाही."

"कांदा भायेर धाडायला कर लावला तवा ह्याच टेबलावर ठराव झाला. तवा दिल्ली काय खैरवाडीला आली व्हती?"

ग्रामसेवकानं आबांकडं पाहिलं. आबा रेलले होते ते सरळ बसले.

"रतनबाई, चीन म्हंजी काय शेजारची वाडी न्हाई. आपण फुलाला कर लावला आन् त्यानं उद्या खत आडवलं तर? ठिबकातनं सोडायचं निम्मं खत तिकडनंच येतंय. फवारायचा पंप, मोटारीचा स्टार्टर, समदं त्याचं. मोठ्या गिऱ्हाइकाशी आन् मोठ्या दुकानदाराशी भांडून चालत न्हाई."

"म्हंजी त्यानं आडवायच्या आधीच आपण आडवं पडायचं?"

"तसं न्हाई, काकी," रविराज मधे पडला. तो पोरगा वाईट नव्हता. "माझ्याकडं आठ पोरं कामाला हायती. कर वाढला तर माल महाग, ऑर्डरी कमी. त्यांनी कुठं जायचं? खरी फुलं दुपारपस्तोर माना टाकत्यात. कार्यालयवाल्याला तीन दिवस मांडव उभा पायजे."

"आठ पोरांचं तुला दिसतंय. ह्या वाडीत फुलं तोडाया किती बाया जात्यात? नकुशी, जाईबाई, म्हाळसा, उठा गं जरा. ह्यांनी कुठं जायचं?"

तिघी उठून उभ्या राहिल्या. सभेत कुजबुज सुरू झाली. वारं फिरतंय हे आबांना कळलं. मुरलेला माणूस तो. त्यांनी शांतपणे विचारलं, "रतनबाई, तुमच्या शेवंतीवर जे बल्ब टांगलेत ते कुठले वो?"

सभा मोठ्यानं हसली. सुट्टीला गावी आलेल्या दत्तानं मान खाली घातली. शेवंतीला रात्र मोठी वाटली की ती कळी धरते. म्हणून दिवस मावळल्यावर काही तास तिच्यावर उजेड ठेवायचा, झाड चांगलं वाढू द्यायचं आणि सणाच्या बेतानं बल्ब बंद करायचे. रतनबाईच्या रानावर दीडशे बल्ब होते आणि खोक्यावरचं नाव सगळ्यांनी वाचलेलं होतं.

रतनबाईचे कान तापले. पण ती बसली नाही.

"चीनचेच हायती. त्यांच्यावर बी लावा कर. महाग झालं तर महाग घिईन, न्हाईतर आपल्या देशातला करणारा कुणी निघंल त्याचा घिईन. पण आबा, बल्ब माझ्या फुलाला वाढवतोय. ह्ये फूल माझ्या फुलाच्या जागेवर येऊन बसलंय. कामाला आलेला मानूस आन् घर बळकावाया आलेला मानूस, दोघं तुमाला एकच वाटत्यात का?"

"बोलाया सोपं हाय," आबा म्हणाले. "आधी तुमचे बल्ब उतरवून हितं आना. मग लिवतो ठराव. हाय तयारी?"

आत्ता उजेड बंद केला तर झाड वीतभर असतानाच कळी धरणार, दिवाळी हुकणार आणि खुरट्या फुलाला बाजारात कुत्रं विचारणार नाही. शेतकऱ्यांची सभा होती, हे कुणाला सांगावं लागलं नाही.

"आई, बस खाली," दत्ता म्हणाला.

"जिलेबी वाटून घ्या," रतनबाईनं ग्रामसेवकाला सांगितलं. "मी आलेच."

ती गेली. मागोमाग नकुशी, जाईबाई आणि म्हाळसा गेल्या. रान शाळेच्या मागंच होतं. तात्याबा बांधावर बसले होते. बायकोचा चेहरा बघून त्यांनी गोणपाट झटकून दिलं. रतनबाई एकेक बल्ब पिळून काढायची आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायचं. पण हात एकदाही थांबला नाही. गुडघ्याएवढ्याही न झालेल्या झाडांकडं मात्र तिनं पाहायचं टाळलं.

तासाभरानं गोणी टेबलावर आली. आत बल्ब खळाळले. आबांच्या हातातली जिलेबी हातातच राहिली.

"अवो, थट्टेत म्हनलो मी."

"मी थट्टा केली न्हाई. लिवा."

ग्रामसेवक अडखळला. "सूचक रतनबाई. अनुमोदक?"

एकही हात वर होईना. कुणाला आबांच्या सोसायटीतून खत उचलायचं होतं, कुणाचा ऊस त्यांच्या शब्दावर तुटायचा. नकुशीनं हात वर केला, पण तिचा नवरा मागून खेकसला तसा तो अर्ध्यातच थांबला. तेवढ्यात दत्ता उठला. शेवंती मोडायला निघालेला दत्ता.

"माझं अनुमोदन."

"घरातल्या घरात व्हय!" आबा हसले. "ठराव बारगळला. अध्यक्षांच्या परवानगीनं सभा..."

"अध्यक्ष मी हाय," कस्तुराबाई म्हणाल्या.

आवाज इतका बारीक होता की मागच्यांना ऐकू आला नाही. पुढच्यांना आला आणि ते वळून बघायला लागले. बाई स्टुलावरून उठल्या. कपाळावर फूल लागलं होतं तिथं अजून लाल दिसत होतं.

"हात वर करा. ज्यांना ठराव पायजे त्यांनी."

आधी बायकांचे हात वर झाले. नकुशीचा या खेपेला पुरता वर गेला. मग मागच्या भिंतीकडचे गडी, मग हेडमास्तर. ग्रामसेवकाला मोजायचीही गरज पडली नाही.

"मंजूर. लिवा," बाई म्हणाल्या. "आन् दुसरं लिवा. गावच्या गणपतीला, झेंड्याला, कुठल्याबी कार्याला प्लास्टिकचं फूल न्हाई. रविराज, तुझ्या पोरांना माळा गुंफाया शिकीव. हात हायती त्यांला."

"आई, दिल्लीत ह्यो कागद कोन वाचनार हाय?" रविराजनं विचारलं.

"न वाचू दे. आपण काय म्हनलो ते तरी रजिस्टरात ऱ्हाईल."

आबांनी सवयीनं सहीच्या जागेवर बोट ठेवायला हात पुढं केला. बाईंनी रजिस्टर आपल्याकडं ओढलं, शोधून शोधून जागा काढली आणि एकेक अक्षर जोडत सही केली. मग त्या गोणीकडं वळल्या.

"रतनबाई, ही गोणी उचला. दिस मावळायच्या आत बल्ब लागले पायजेत."

"न्हाई वहिनी. बोलले ते बोलले. अट हाय."

"अट माझ्या मालकांनी घातलीया," कस्तुराबाई म्हणाल्या. "सरपंचानं न्हाई."

आबा खुर्चीतून उठले आणि बाहेर गेले. कस्तुराबाईंनी पदर खोचला, गोणीचं एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं धरायला दत्ताला हाक मारली.